वाकड्यातला साक्षीदार

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा कापसाची शेती, कापूस उत्पादकांच्या सहकारी जिनची तो बंद पडेपर्यंत अध्यक्ष, हा कागद स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या अकलेनं लिहीत आहे. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालू शकेल असा एकच माणूस होता, माझे सासरे, आणि त्यांना जाऊन जमाना झाला. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून पाय ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या.

याआधी मी असा कागद केलेला नाही. केला होता असं कुणी सांगितलं तर तो थापा मारतो आहे असं समजावं.

वकीलबाई समोर बसल्या आहेत. त्यांनी एक गोष्ट मला दोनदा समजावली, ती आधीच लिहून ठेवते. ज्याला या कागदानं काही मिळतं, त्यानं साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली, तर त्याला दिलेलं रद्द. कायदा मला पटला. आमच्या जिनच्या दारात याहून कडक कायदा होता, तो पुढे येईलच. दोन साक्षीदार लागतात. डॉक्टरांना मी काही देणार नाही, म्हणून पहिले तेच. दुसरी जागा अजून रिकामी आहे.

कलम पहिलं. राहतं घर मुलगा आणि मुलगी दोघांना निम्मं निम्मं. मुलगा शहरात लिफ्ट बसवण्याच्या कंपनीत आहे. घरी आला की भिंतींवर टिचक्या मारत फिरतो. मी विचारलं, "काय ऐकतोस रे?" तर म्हणतो, "काही नाही आई, सहज." सहज कुणी भिंतीला टिचक्या मारतं का? घर विकू नये असं मी लिहिणार नाही. तो विकणार, आणि मग उगाच आईचा शब्द मोडला म्हणून मनाला लावून घेत बसणार. फक्त एवढं सांगते, मागच्या खोलीचं दार पावसात फुगतं आणि मग खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. गिऱ्हाईक उन्हाळ्यात आणावं.

कलम दुसरं. बँकेत जे असेल ते सगळं लेकीला, कारण मुलाच्या शिक्षणावर तिच्या वाटणीचं जे गेलं ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. दुकान छान चालतं, आणि त्यात एक वीतभर सुती कापड नाही. मी एकदा गल्ल्यापाशी बसले होते तेव्हा म्हटलं, "आईनं जन्मभर कापूस पिकवला आणि तू हे प्लॅस्टिक विकतेस?"

"आई, सुती कुणी मागत नाही. इस्त्री करत कोण बसणार?"

"मग शेवटी माझ्या अंगावर काय घालशील?"

"तुझं आपलं काहीतरीच!" म्हणून ती गिऱ्हाइकाकडे वळली. म्हणून इथं लिहिते. पेटीच्या तळाशी पांढरी चादर आहे. आमच्या जिनच्या रुईचं सूत गिरणीत पहिल्यांदा निघालं तेव्हा गिरणीवाल्यांनी नमुना म्हणून पाठवली होती. मला तीच घालावी. इस्त्रीची गरज नाही.

कलम तिसरं. सत्कारात मिळालेल्या शाली भिंतीतल्या कपाटात रचून ठेवल्या आहेत. कापूस शेतकऱ्यांची पुढारी म्हणून ज्या ज्या मंचावर मला बसवलं, तिथं खांद्यावर शाल पडली, आणि एकजात सगळ्या नकली धाग्याच्या. हात लावला की चटचट वीज निघते. एका मंत्र्यानं शाल घालताना माझ्या कानात विचारलं होतं, "ताई, कापसाचं बोंड जमिनीखाली येतं की वर?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आधी भाषण करा, मग सांगते." शाली ज्याला हव्यात त्यानं न्याव्यात. स्मृतिचिन्हं भंगारवाल्याला. त्यात पितळ नाही, नुसता मुलामा आहे, हे त्याला आधी सांगावं, नाहीतर माझ्या मागे शिव्या देईल.

कलम चौथं. कापूस तोलायचा ताणकाटा माझ्याकडे वेचणीला येणाऱ्या बायांमधल्या सगळ्यात थोरल्या बाईला. ती माझ्या काट्यावर कधी विश्वास ठेवत नसे. रोज संध्याकाळी आपला ओळखीचा एक दगड पिशवीतून काढायची, आधी तो टांगायची, काटा बरोबर दाखवतो हे बघायची, मगच आपलं गाठोडं लावायची. बाकीच्या बाया हसायच्या. मी कधी हसले नाही. मला आवडायची ती बाई. आता वेचायलाच काही उरलं नाही तेव्हा काट्याचं ती काय करणार, ते मला माहीत नाही. पण तिच्या दगडाला सोबत होईल.

कलम पाचवं. पुढच्या खोलीतलं लोखंडी स्टूल. याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जिन आमचा सगळ्यांचा होता. म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांचा कापूस एकत्र रेचायचा, बियांची सरकी वेगळी, धाग्याची रुई वेगळी, आणि रुईच्या गाठी एकाच शिक्क्यानं गिरणीला जायच्या. एकाच्या गाडीत ओला किंवा किडका कापूस निघाला तर सगळ्यांची गाठ बिघडते. तर पारखायचं कुणी? पगारी माणूस ठेवला, तो चहापाण्यावर विकला गेला. मग मी सभेत नियम मांडला. ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्यानं त्याची गाडी पारखायची.

लोक आधी हसले. पण मित्र असतो तो वरचा कापूस चिवडतो आणि "चांगला आहे की!" म्हणतो. वाकड्यातला माणूस खांद्यापर्यंत हात घालतो, तळ गाठतो. गाडी दारात आली की मी मालकाला विचारायची, "तुझं सध्या कुणाशी बोलणं नाही?" त्या माणसाला बोलावणं जायचं. तो या स्टुलावर बसायचा, तळाचा कापूस उपसून धागा ओढून बघायचा, आणि खोट सापडली नाही तर त्याच्याच तोंडून दोन शब्द यावे लागायचे, माल पास. काय जिवावर यायचं लोकांच्या! पण एकदा म्हटले की म्हटले. कितीतरी भांडणं त्या दोन शब्दांनी मिटली. मग आमचीच पंचाईत व्हायची, कारण त्या मालकासाठी दुसरा वैरी शोधावा लागे.

जिनच्या शेडमध्ये आता फरशांचं गोदाम आहे. स्टूल तेवढं मी उचलून आणलं. ते कुणाला द्यावं हे मला सुचत नाही. ज्याला टेकायचं असेल त्यानं टेकावं.

कलम सहावं. शेत आणि ठिपक्याचं बी. हा सगळा कागद खरं म्हणजे या एका कलमासाठी लिहायला घेतला आहे.

मागच्या खोलीत छताच्या कडीला एक कापडी पिशवी टांगली आहे. त्यात आमच्या जुन्या वाणाचं बी आहे. त्याच्या फिक्या पिवळ्या फुलात, पाकळीच्या बुडाशी, लालसर ठिपका असतो, म्हणून सगळे त्याला ठिपकाच म्हणतात. सासऱ्यांनी एका झाडापासून वाढवलेलं हे वाण. जाताना त्यांनी पिशवी दोन्ही मुलांना सोडून मला दिली. म्हणाले, "पोरांना जमीन दिसते. सुनेला फूल दिसतं." ठिपका कमी पिकायचा, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण दर वर्षी पिकायचा.

याला दोन गोष्टी लागतात. एक, आजूबाजूला दुसरा कापूस नको. मधमाशीला बांध कळत नाही, ती इकडचं तिकडे करते. दुसरी, फुलं लागली की दर सकाळी ओळीओळीनं फिरायचं आणि ज्या झाडाच्या फुलात ठिपका नाही ते उपटून टाकायचं. एक जरी राहिलं तरी पुढच्या वर्षी त्याची दहा होतात.

पहिल्या गोष्टीसाठी आम्ही सगळ्यांनी जिनच्या शेडमध्ये हात वर करून ठरवलं होतं, सगळीकडे एकच वाण. शब्द मोडला तो माझ्या धाकट्या दिरानं. माझ्या बांधाला लागून त्याचं रान. त्यात त्यानं पाकिटातलं परकं बी पेरलं. हा तोच दीर, की जो शाळेत जायचा तेव्हा मी त्याला ओळीत माझ्यापुढे चालवून ठिपका बघायला शिकवलं. माझ्याइतकी नजर फक्त त्याची झाली होती. मी कमिटी घेऊन गेले आणि गुडघ्याएवढं पीक उपटलं. तो बांधावर उभा होता. एवढंच म्हणाला, "उपटा वहिनी. पण पुढच्या वर्षी कुणाकुणाचं उपटाल?"

त्याचंच खरं झालं. पुढच्या वर्षी निम्म्या लोकांनी पाकीट पेरलं, त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांनी. गाठीत लांब-आखूड धागा एकत्र यायला लागला, गिरणीनं माल परत पाठवला, जिन बसला. उपटल्याचं मला दुःख नाही. उद्या तसंच झालं तर उद्याही उपटीन. भाऊजींनी त्या दिवसानंतर माझ्या घराची पायरी चढलेली नाही, आणि मीही बोलावलं नाही.

आता सांगायचं ते हे. कापसाचं बी पिशवीत थांबत नाही, मरतं. दोन हंगाम मी खाटेवर आहे, दोन हंगाम ते पेरलेलं नाही. परवा ओल्या गोणपाटात थोडं बांधून पाहिलं, निम्म्याहून कमी उगवलं. या हंगामात पेरलं तर राहील. पुढच्या वर्षी ते कुणाच्याही कामाचं नसेल. आणि शेवटच्या पिकाच्या वेळी शेजारी परका कापूस होता, त्यामुळे याच्यात थोडी भेसळ आहे. पहिल्याच वर्षी फुलाफुलानं निवडायला लागेल.

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, बी फ्रीजमध्ये ठेवतात म्हणे." शेतकी संशोधनवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, यंदाचे नमुने घेऊन झाले. आमच्यातल्या एका तरुण शेतकऱ्याला बोलावलं, त्यानं ऐकून घेतलं, चहा प्याला आणि म्हणाला, "आजी, फुलांत डोकावत फिरायला माणूस कुठून आणू?" उद्धट नव्हता तो. खरंच विचारत होता.

राहिले भाऊजी. आणि यात एक गंमत आहे. भाऊजींनी आणि भोवतालच्या सगळ्यांनीच रानं विजेच्या कंपनीला भाड्यानं दिली. जिकडे बघावं तिकडे आता उन्हाच्या विजेच्या काचा. काचेला फुलं येत नाहीत. जन्मभर मी ज्यासाठी भांडले, ते माझ्या रानाभोवती आता आपोआप झालं आहे. परक्या कापसाचं एक झाड नाही. कंपनीचा माणूस माझ्या मुलालाही दोनदा भेटून गेला आहे, आणि शेत पोरांच्या हातात गेलं की तिथंही काचाच येणार, हे मला दिसतं आहे.

म्हणून माझं सगळं शेत आणि ठिपक्याचं सगळं बी मी धाकट्या दिराला देते. अट एकच, या हंगामात ठिपका पेरावा आणि फुलं निवडावी. मुलांनी रागावू नये. त्यांना घर आहे. साक्षीदाराची दुसरी जागा जिनच्या नियमानं वाकड्यातल्या माणसाची, म्हणजे खरं तर त्याचीच. पण शेत त्याला दिलं म्हटल्यावर सही त्याची चालणार नाही. ती दुसऱ्या कुणाची घ्यावी.

त्याच दिवशी दुपारी, पुढे जोडलेलं.

वकीलबाईंनी निरोप धाडला आणि भाऊजी आले. भिंतीला हात लावत आत आले. मला वाटलं, गुडघे गेले असतील.

"या भाऊजी. उंबऱ्याला काटे नाहीत."

"माहीत आहे. माझ्या भावाच्याच घरचा उंबरा आहे."

वकीलबाईंनी सहावं कलम त्यांना वाचून दाखवलं. डॉक्टरही बसले होते. भाऊजींनी कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "पिशवी आणा." वकीलबाईंनी पिशवी आणली. भाऊजींनी चाचपडत स्टूल ओढलं, त्याच्यावर बसले, आणि पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. वरचं बी सोडलं, तळाचं काढलं. बोटांत फिरवलं, दाताखाली फोडलं, नाकाला लावलं. मी श्वास धरून बघत होते. हसू नका, माझी गाडी त्या स्टुलासमोर उभी होती.

"कोरडं आहे. कीड नाही. हाताला कळतं तेवढ्यावर सांगतो, माल पास."

"मग घ्या आणि पेरा."

"घ्यायला नाही आलो वहिनी. पारखायला आलो. नियम तुमचाच आहे, वाकड्यातल्यानं पारखायचं, घरी न्यायचं नाही."

"नियम गेला चुलीत! अहो, शेत देते आहे तुम्हाला!"

"शेत घेऊन काय करू? मला ठिपका दिसत नाही."

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "समोरचं मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे बघतोय ना, तर तुमच्या तोंडाच्या जागी धूर आहे आणि दोन कान आहेत. बरंच आहे म्हणा." डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही.

"मग फूल हातात घेऊन बघा."

"ठिपका बोटाला लागत नाही वहिनी."

"माझी खाट बांधावर न्या. मी बघून सांगते, तुम्ही उपटा."

"बांधावरून तुम्हाला दहाव्या ओळीतल्या फुलाच्या आतलं दिसेल?"

नाही दिसणार.

"तुम्हाला चालता येत नाही, मला दिसत नाही," भाऊजी म्हणाले, "आपल्या दोघांचा मिळून एक शेतकरी होत नाही. न निवडता पेरलं तर दोन वर्षांत भलतंच काहीतरी होईल, आणि लोक त्यालाच ठिपका म्हणतील. ते चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार."

"मलाही नाही."

मग मी रडले. लिहून ठेवते, कारण वकीलबाईंनी आणि डॉक्टरांनी पाहिलं आहे आणि उद्या कुणी म्हणायला नको की अध्यक्षीणबाईंनी काही लपवलं. नवरा गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते. तेव्हा वेचणी चालू होती. भाऊजी उठून जवळ आले नाहीत. ते स्टुलावरच बसून होते, मांडीवर पिशवी घेऊन, आणि पिशवीचं तोंड परत बांधत होते. गाठ त्यांना जमत होती.

जरा वेळानं मी विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी मी उपटलं, त्याचा राग गेला का?"

"नाही."

"माझाही नाही गेला."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "साक्षीदार म्हणून मी चालतो. कुठं करायची सही?"

वकीलबाईंनी त्यांना बजावलं की सही केलीत तर शेत आणि बी दोन्ही जाईल. ते म्हणाले, "बाई, मला डोळ्यांना दिसत नाही. ऐकू नीट येतं."

वकीलबाई म्हणत होत्या की सगळा कागद नव्यानं लिहून काढू, सहावं कलम वगळून. मी नको म्हटलं. त्यावर आडवी रेघ मारावी, पण वाचता येईल अशी. आणि पुढीलप्रमाणे समजावं.

सहावं कलम रद्द. शेत मुलगा आणि मुलगी दोघांना निम्मं निम्मं. कंपनीला द्यायचं तर द्यावं, मला विचारलं होतं असं समजून द्यावं. फक्त विहिरीवर झाकण घालून घ्यावं.

ठिपक्याचं बी कुणालाही देत नाही. नमुना म्हणून बाटलीत भरून कुठं मांडून ठेवू नये, मला ते आवडणार नाही. पेरणीचे दिवस निघून गेले की ते बी नाही, सरकी आहे, आणि सरकी दुभत्या जनावराला चालते. गल्लीच्या टोकाच्या गवळ्याच्या म्हशींना घालावी. कोरडी घालू नये, पोटात गोळा होतो. आधी भिजवावी. गवळी विसरभोळा आहे, भिजत घालून दोन दिवस तशीच ठेवेल, आणि मग त्यातल्या एखाद्या बीला मोड फुटलेला दिसेल. दिसला तरी थांबू नये. घालून टाकावी.

वरचं सगळं मी लिहिलं, वकीलबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मी ऐकलं. लिहायचं होतं ते लिहून झालं.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली.
तारीख: पेरणीच्या तोंडावरची, दाखल्यावर आहे तीच.

लिहून देणार: सही (कापूस शेतकरी)

आम्ही दोघांनी लिहून देणारीला आमच्यासमोर सही करताना पाहिलं, आणि तिच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार पहिले: सही (डॉक्टर). या कागदानं मला काही मिळत नाही.

साक्षीदार दुसरे: सही (लिहून देणारीचा धाकटा दीर, शेजारचा शेतकरी). वकीलबाईंनी बोट धरून जागा दाखवली, तरी सही रेघेच्या खाली उतरली आहे. ती माझीच आहे. मी पाहिलं असं म्हणवत नाही, पेनाचा आवाज ऐकला. आमचं वाकडं आहे. या कागदानं मला काही मिळत नाही.